लाइट आली की आपोआप चालू

मानवतजवळच्या एका काटामालकाने कापसाच्या हंगामात मला बोलावून घेतलं. वजनकाट्यावर पहाटेपासून गाड्या उभ्या, लाइट आलेली, पण कॉम्प्युटरचं बटण दाबायला पोरगं उजाडल्याशिवाय येत नाही. "लाइट आली की आपोआप चालू झाला पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. परभणी जिल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्याला ही मागणी नवी नाही.

काम पाच मिनिटांचं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा, बायोस उघडतं. तिथलं नाव कंपनीगणिक वेगळं: डेलमध्ये 'एसी रिकव्हरी', गिगाबाइटच्या बोर्डावर 'एसी बॅक'. त्यात 'पॉवर ऑन' किंवा तशाच अर्थाचा पर्याय निवडा. 'लास्ट स्टेट' घेऊ नका. रात्री नीट बंद केलेला कॉम्प्युटर मग सकाळीही बंदच राहतो. काही बोर्डांवर 'ईआरपी' ही वीजबचतीची सोय चालू असेल तर हे सेटिंग दाद देत नाही, ती आधी बंद करा.

निघताना मी यूपीएसबद्दल विचारलं. "बॅटरी गेलीय, बघू पुढं."

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. लाइट येई, मशीन सुरू होई, विंडोज अर्ध्यात असताना लाइट जाई. असं रात्रभर. सकाळी हार्ड डिस्क सारखी टकटक करत होती आणि हिशेब काही उघडेना.

खरं तर हे दुखणं आपल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे. विहिरीवरच्या मोटारींना ऑटो लावलेलं असतं. लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात आणि डीपीवर ताण येतो. ऑटो काढा, असं महावितरण सांगून थकलं. हा काटा गावाबाहेर, त्याच लाइनवर. म्हणजे लाइट आल्यावरची पहिली काही मिनिटं व्होल्टेज सगळ्यात वाईट, आणि आपण कॉम्प्युटरला उठवतो नेमकं तेव्हाच.

म्हणून आता मी आधी डिले टायमर बसवतो. पॅनेलचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो; लाइट सलग पाच मिनिटं टिकली तरच पुढे सोडतो. त्यानंतर चांगल्या बॅटरीचा यूपीएस. घेताना एवढं विचारा: बॅटरी पूर्ण उतरल्यावर लाइट आली तर हा स्वतःहून चालू होतो का? काहींना बटणच दाबावं लागतं, मग सगळी मेहनत वाया. दुसरी गोची याच्या उलट. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने मशीन बंद केलं, पण यूपीएसचा पुरवठा तुटायच्या आत लाइट परतली, तर कॉम्प्युटरच्या लेखी लाइट गेलीच नव्हती. तो पडूनच राहतो.

जुन्या मशीनमध्ये बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर 2032, बदलून घ्या. तो मेला की बायोस सेटिंग विसरतं. पुष्कळदा 'एफ-वन दाबा' म्हणत थांबून राहतं आणि काट्याच्या पावतीवर भलत्याच वर्षाची तारीख छापून येते. त्या पावतीवरून आडतीत होणारी वादावादी मी ऐकली आहे.

शेवटी चाचणी घ्या, आणि तीही भिंतीवरचं मेन बटण बंद करून. यूपीएस पार उतरू द्या, मग लाइट द्या, आणि मशीनला हात न लावता पहिली पावती निघेपर्यंत थांबा. पासवर्डच्या पडद्यावर अडकलं तर तेही तिथंच कळेल.