विवरांची गणना आणि संगणकाची नजर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने निर्माण झालेल्या विवरात वसलेले आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट या काळ्या खडकात खोदले गेले. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट मोठ्या प्रमाणात आढळत असल्याने ग्रहशास्त्रज्ञांना लोणारचे विशेष अगत्य वाटत आले आहे. तथापि, या विवराचे वय ठरविणे सोपे गेले नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. खडक हाती असताना ही स्थिती, तर जेथे माणसाचे पाऊल अद्याप पडलेलेच नाही त्या मंगळावरील भूमीचे वय कसे सांगावयाचे?

यावर शास्त्रज्ञांनी योजलेला मार्ग मोजणीचा आहे. अंगणात ठेवलेल्या कोरड्या पाटावर पावसाचे किती थेंब पडले आहेत हे मोजून तो केव्हापासून बाहेर आहे याचा अंदाज बांधता येतो, तसाच हा प्रकार होय. भूमी जितकी जुनी, तितकी तिच्यावरील विवरे अधिक. चंद्रावरून आणलेल्या खडकांची वये प्रयोगशाळेत मोजण्यात आली आणि त्या त्या ठिकाणच्या विवरसंख्येशी त्यांची सांगड घालण्यात आली. तेच कोष्टक योग्य त्या दुरुस्त्यांसह मंगळाला लावले जाते. साहजिकच मोजणीत चूक झाली की ती थेट वयात उतरते.

आणि मोजणी हे काम वाटते तितके निर्विवाद नाही. रॉबिन्स आणि हाइनेक या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत मंगळावरील एक किलोमीटर वा त्याहून मोठ्या ३,८४,३४३ विवरांची नोंद आहे. एवढे प्रचंड काम हाताने पार पाडणाऱ्या रॉबिन्स यांनीच पुढे २०१४ साली एक परीक्षा घेतली. चंद्राची तीच छायाचित्रे आठ तज्ज्ञांपुढे ठेवली असता त्यांच्या गणनेत लक्षणीय तफावत आढळली. झिजलेल्या कडांचे अर्धवट वर्तुळ विवर मानावे की नाही, हे अखेर पाहणाऱ्याच्या निर्णयावर राहते.

प्रकाशाचाही घोटाळा असतो. लोणारचे विमानातून घेतलेले छायाचित्र वर्गात उलटे धरून दाखवावे. पुष्कळ मुलांना तेथे खड्ड्याऐवजी टेकडी दिसू लागेल. उजेड वरून येतो ही आपल्या डोळ्यांची सवय असल्यामुळे सावलीची बाजू बदलली की खोलीचा भास उंचीत होतो.

चंद्राचा एकतृतीयांश भाग

कॅनडातील टोरंटो विद्यापीठात २०१८ साली झालेल्या संशोधनात ही अडचण वेगळ्या रीतीने टाळण्यात आली. मोहमद अली-दीब हे त्या वेळी तेथे डॉक्टरेटनंतरचे संशोधन करीत होते. विद्यार्थिदशा संपलेली असते, कायमची नेमणूक मिळावयाची असते, अशा मधल्या काही वर्षांत तरुण शास्त्रज्ञ एखाद्याच प्रश्नाला वाहून घेऊ शकतो. ग्रहचित्रांवरील कृत्रिम बुद्धिमत्तेचे बरेच काम याच वयातील संशोधकांच्या हातून झाले आहे. आरी सिल्बर्ट आणि अली-दीब यांच्या गटाने छायाचित्रांऐवजी चंद्राचे उंचसखलपणा दाखविणारे नकाशे संगणकाला दिले. त्यांत सावलीचा प्रश्नच उरत नाही. चंद्राच्या दोनतृतीयांश भागावरील, माणसांनी आधी नोंदलेली विवरे संगणकाला उदाहरणे म्हणून दाखविण्यात आली. उरलेल्या एकतृतीयांश भागावर त्याची परीक्षा झाली. तेथे पूर्वी नोंदलेली ९२ टक्के विवरे त्याने शोधलीच, शिवाय सूचीत नसलेली सुमारे ६ हजार विवरे पुढे आणली. या नव्या विवरांचे माणसांनी पुन्हा परीक्षण केले तेव्हा त्यांतील सुमारे ११ टक्के चुकीची निघाली.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. तो काढण्यासाठी माणसाला पुन्हा चित्रांपुढे बसावेच लागले. आणि मूळ उदाहरणेही माणसांनीच आखलेली होती. त्या उदाहरणांत राहिलेला दोष संगणक तितक्याच निष्ठेने शिकतो. एखाद्या गावच्या जुन्या खातेउताऱ्यातील चूक नव्या नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत उतरावी, असेच ते असते.

मंगळावरील ताजे डाग

चंद्रावरील जुन्या विवरांपेक्षा मंगळावरील नवी विवरे शोधणे अधिक कष्टाचे. अमेरिकेचे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान मार्च २००६ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील एक कॅमेरा सुमारे ३० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. त्याच्या चित्रातील एक बिंदू म्हणजे जमिनीवरचे सुमारे सहा मीटर. चार मीटरचे विवर त्यात दिसणार नाही. परंतु उल्केच्या आघाताने भोवतालची फिकट धूळ उडून खालची काळसर जमीन उघडी पडते आणि तो डाग मात्र दिसतो. असे एक चित्र बारकाईने तपासण्यास शास्त्रज्ञाला सुमारे ४० मिनिटे लागतात.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीमध्ये किरी वॅगस्टाफ, इन्ग्रिड डौबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम संगणकाकडे सोपविले. त्याला ६,८३० चित्रे दाखविण्यात आली. त्यांत खात्रीने ठाऊक असलेले आघात होते, तसेच कोणताही आघात नसलेली चित्रेही होती. नंतर १ लाख १२ हजार चित्रे त्याच्यापुढे ठेवण्यात आली. एका चित्राला सरासरी पाच सेकंद लागले. एका माणसाने रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस हेच काम केले असते, तर त्याला सुमारे ३१ वर्षे पुरली नसती.

संगणकाने दाखविलेल्या एका डागावर यानाचा दुसरा, कितीतरी सूक्ष्म कॅमेरा २६ ऑगस्ट २०२० रोजी रोखण्यात आला. नॉक्टिस फॉसी नावाच्या प्रदेशात सुमारे ३० मीटरांच्या पट्ट्यात लहान विवरांचा पुंजका स्पष्ट दिसला. त्यातील सर्वांत मोठे विवर जेमतेम चार मीटरचे होते. जुन्या चित्रांशी ताडून पाहता तो आघात मार्च २०१० ते मे २०१२ या काळात झाल्याचे ठरले. आठ वर्षांहून अधिक काळ तो संग्रहात पडून होता.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. डाग पडतो तो धुळीच्या प्रदेशात. जेथे फिकट धुळीचा थर नाही, तेथे उल्का पडूनही खूण उमटत नाही. त्यामुळे संगणकाच्या यादीत एखादा प्रदेश कोरा असला, तर तेथे उल्का पडत नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही.

या यादीचा उपयोग केवळ गणनेपुरता नाही. २०१८ साली मंगळावर उतरलेल्या इन्साइट यानाचा भूकंपमापक २०२२ पर्यंत तेथील हादरे नोंदवीत होता. हादरा खडक खचल्याने झाला की उल्केने, हे लहरींवरून नेहमीच कळत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यानाच्या सुमारे ३ हजार किलोमीटर परिसरातील हजारो चित्रे संगणकाकरवी चाळून १२३ ताजी विवरे निवडण्यात आली. त्यांपैकी ४९ विवरांचा नोंदलेल्या हादऱ्यांशी मेळ बसण्याजोगा होता. सर्बेरस फॉसी येथील २१.५ मीटर व्यासाच्या एका विवराने तर जुनी समजूतच बदलली. त्या आघाताच्या लहरी वरच्या कवचातून नव्हे, तर खोल प्रावरणातून आल्या असाव्यात, असे दिसून आले. लहरींचा मार्ग बदलला की मंगळाच्या अंतरंगाविषयी त्यांवरून बांधलेले आडाखेही पुन्हा तपासावे लागतात.

भारताच्या चांद्रयान-२ मधील अतिसूक्ष्म कॅमेऱ्याची चित्रे चांद्रयान-३ ची उतरण्याची जागा निवडताना उपयोगी पडली. चांद्रयान-२ ची सामग्री बंगळुरूजवळील ब्यालालू येथील केंद्रामार्फत अभ्यासकांना खुली करण्यात आली आहे. अशा खुल्या चित्रांतून काय साधते, याचे उदाहरण २०१९ चेच आहे. चांद्रयान-२ चा विक्रम हा अवतरक चंद्रावर कोसळल्यानंतर चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी अमेरिकन यानाने घेतलेली आघातापूर्वीची आणि नंतरची चित्रे घरी बसून ताडून पाहिली. मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर वायव्येस त्यांना एकच बिंदू पूर्वीपेक्षा उजळ दिसला. तो विक्रमचा तुकडा असल्याचे २ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर करण्यात आले.