टोमॅटोच्या रोपांचा राखणदार : ट्रायकोडर्मा



मागच्या जुलैत शाळेच्या बागेत सातवीच्या मुलांनी टोमॅटोचे (म्हणजे इंदूरच्या आपल्या घरांतल्या टमाटरचे) बी पेरले होते. आठवड्याभरात वाफा हिरवागार झाला. पालक-सभेला आलेल्या मंडळींना आम्ही तो मोठ्या कौतुकाने दाखवला. पुढच्या सोमवारी पाहतो तो निम्मी रोपे आडवी! पाने हिरवीच, पण खोड मातीलगत पिचून दोऱ्यासारखे झालेले. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, म्हणून पाणी कमी पडले असे आम्हीच ठरवून टाकले आणि माळीकाकांना चार शब्द ऐकवले. बिचारे मुकाट्याने दिवसातून दोनदा झारी फिरवू लागले. गुरुवारपर्यंत उरलेली रोपेही गेली.

खरे कारण नेमके उलटे होते. पाण्याच्या अतिरेकानेच रोग बळावला होता. काकांची आम्ही नंतर माफी मागितली. पण प्रत्येकाने एक रोप घरी न्यायचे ठरले होते, ती मुले रिकाम्या हाताने गेली.

आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे या रोगाला ‘आर्द्र गलन’ म्हणत. ओल आणि कुजणे दोन्ही त्या नावातच आहे. परीक्षेत ते नाव आम्ही बरोबर लिहिले होते, वाफ्यापाशी मात्र आठवले नाही. मराठीत याला रोपे कोलमडणे किंवा रोपांची मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोप्थोरा, फ्युजेरियम हे मातीत राहणारे जीव त्याला कारण आहेत. त्यांतला पिथियम दिसतो बुरशीसारखा, पण शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात. कधी कधी तर बी मातीतच कुजते आणि आपण दुकानदाराला दोष देतो.

आता राखणदाराकडे वळू. ट्रायकोडर्मा हीसुद्धा मातीतली बुरशीच. आधी पांढरी, मग हिरवी दिसणारी. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये दाखवून दिले, की ती रायझोक्टोनियासारख्या बुरशीवर परजीवी म्हणून जगते. तिचे तंतू शत्रूच्या तंतूंना वेटोळे घालतात आणि विकरे सोडून त्यांची भिंत विरघळवतात. शिवाय ती झपाट्याने वाढून मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावते. काही जाती शत्रूला मारक द्रव्ये सोडतात, तर काही रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात. तिच्या एका भाऊबंदाची गंमत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले, तेव्हा ते खाणारी बुरशी ट्रायकोडर्माच निघाली!

वापर सोपा आहे. बीजप्रक्रियेसाठी किलोला 5 ते 10 ग्रॅम भुकटी लागते. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्येच सुमारे 300 बिया असतात, त्यामुळे आपल्याला चिमूटभर पुरते. किंचित ओलसर बियांना ती चोळावी, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. वाफ्यासाठी 1 किलो भुकटी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल राखून, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवावी; मधे एकदा-दोनदा खालीवर करावी. खत कुजलेलेच हवे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ याच शहरात तयार केली, तिला शंभर वर्षे होत आली, तरी कच्चे शेण टाकणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. रोप लावताना मुळे लिटरला 10 ग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास बुडवावीत.

पाकिटावरची मुदत नक्की वाचावी. आतली बुरशी जिवंत असते. ग्रॅममध्ये तिचे निदान 20 लाख उगवू शकणारे कण असावेत असा आपल्या देशातला नियम आहे. उन्हात ठेवलेले पाकीट म्हणजे नुसती पावडर. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक त्याच वाफ्यात ओतले तर राखणदारच मरतो. भुकटी हाताळताना नाकाला रुमाल बांधावा, नंतर हात धुवावेत. ज्यांच्या घरी मशरूम पिकवतात त्यांनी ती तिकडे नेऊच नये, कारण मशरूमला हीच हिरवी बुरशी शत्रू ठरते.

आणि हे औषध नव्हे. मान टाकलेले रोप ती उभे करत नाही. वाफा अर्धा फूट उंच, बी विरळ, पाणी सकाळी आणि बेताचे, हे आधी. मे महिन्यात ओली माती पारदर्शक प्लॅस्टिकने चार-सहा आठवडे झाकली तर आपले माळव्याचे ऊनही बरेच रोगजंतू मारते. मात्र ट्रायकोडर्मा त्यानंतरच घालावा, आधी नाही.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा बी पेरले, या वेळी दोन पेट्यांत 50-50. माती तीच, पाणी तेवढेच आणि झारी काकांच्याच हाती. एकीत ट्रायकोडर्माचे खत, दुसरीत साधे. तीन आठवड्यांनी पहिलीत 43 रोपे उभी होती, दुसरीत 31. एका मुलीने विचारले, “सर, दुसरीतही 31 वाचली, मग पाणी कमी केल्याचाच फायदा जास्त नाही का?” प्रश्न अगदी रास्त आहे. एवढ्याशा प्रयोगावरून त्याचा निकाल लागत नाही, म्हणून यंदा आठ पेट्या मांडणार आहोत. खर्च किरकोळ आहे. विश्वस्त मंडळाकडे फक्त हिरव्या जाळीची मागणी केली आहे.

मागच्या वर्षी रिकाम्या हाताने गेलेली मुले आता आठवीत आहेत. त्यांनी आपल्या रोपासाठी माळीकाकांकडे नावे द्यावीत.