संकट, कृपा आणि शरणपूरची मुले

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ)

वाचन: उत्पत्ति ३७:२३–२८ व ५०:१५–२१, योहान १५:१–८, २ करिंथ १२:७–१०.

पाठाचे सार: प्रत्येक संकट देवानेच धाडलेले असते असे नाही, परंतु देवाची कृपा जेथे पोहोचू शकत नाही असे एकही संकट नाही.



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक वाक्य वारंवार कानी पडते. कोणाचे पीक गेले, कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, कोणी कर्जात बुडाला, की भेटीस आलेले बंधू म्हणतात, "देवाची इच्छा. तो तुमच्या विश्वासाची परीक्षा पाहत आहे." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न सलत राहतो: ज्यास आपण बाप म्हणतो त्यानेच हा घाव घातला काय? कित्येक जण ह्या प्रश्नाचे ओझे घेऊन हळूहळू उपासनेस येईनासे होतात, आणि ते का येत नाहीत हे त्यांस कोणी विचारीत नाही. म्हणून संकट आणि कृपा ह्या दोहोंनी ख्रिस्ती माणसाचा विश्वास कसा घडतो, ह्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

१. छाटणी आणि गारपीट

नाशिक जिल्ह्यातील वाचकांस द्राक्षमळा समजावून सांगावयास नको. हंगाम संपला की एप्रिलात खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी दुसरी छाटणी होते. नवख्या माणसास वाटते की हा मनुष्य आपलाच मळा उजाड करीत आहे. पण मळेवाला कात्री लावण्यापूर्वी काडीवरचे डोळे मोजतो, कोठे कापावे व कोठे थांबावे हे ठरवितो, आणि मगच हात चालवितो. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने आपल्या पित्यास माळी म्हटले आहे ते अशाच जाणत्या हाताच्या अर्थाने. फळ देणाऱ्या फांदीस तो साफ करतो, कारण तिने अधिक फळ द्यावे अशी त्याची इच्छा असते.

आता गारपीट आठवावी. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारा कोसळल्या आणि नाशिक जिल्ह्यातही तयार झालेली द्राक्षे मातीत गेली. छाटलेली काडी जमिनीवर पडते, गारांनी मोडलेली काडीही जमिनीवर पडते. पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच दिसतील. परंतु पहिलीमागे माळ्याचा मोजून चाललेला हात आहे; दुसरीमागे तो नाही. मग माळी काय करतो? गारा थांबल्यावर तो मळ्यात येतो. मोडलेले तेवढे कापून काढतो, वेलीच्या जखमांवर बोर्डो मिश्रण फवारतो, आणि पुढच्या हंगामासाठी वेल जपतो.

दृष्टांत सर्व बाजूंनी ताणू नये. गारांवरही देवाची सत्ता आहे हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आपल्या शेजाऱ्याच्या मळ्यात पडलेल्या गारांस 'छाटणी' असे नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि जेथे मनुष्याने मनुष्यावर अन्याय केला आहे, तेथे तर ते नाव देणे म्हणजे अन्याय करणाऱ्याचे पाप देवाच्या माथी मारणे होय.

२. शरणपूरची मुले

ह्या गोष्टीचे उदाहरण आपल्या नाशिकातच घडले आहे. शहरातील शरणपूर रस्ता आज पुष्कळांच्या पायाखालचा आहे, परंतु त्या नावामागील हकीकत थोड्यांस ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली व तिला शरणपूर, म्हणजे आश्रयाचे नगर, असे नाव दिले. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे तिचे चालक होते.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार चालत असे. गावांवर छापे पडत, आईबाप मारले जात, आणि मुलांस बांधून किनाऱ्यापर्यंत चालवीत नेऊन गलबतांत भरीत. इंग्रज आरमाराने अशी काही गलबते समुद्रात अडवून त्यांवरील माणसे सोडविली. त्यांपैकी अनेक मुले मुंबईस उतरविली गेली, आणि तेथून कित्येक शरणपुरास आली. येथे ती लिहावाचावयास शिकली. सुतारकी, लोहारकी असे हातचे काम शिकली. शास्त्राचे शिक्षण घेऊन बाप्तिस्मा पावली. त्यांच्या मायभाषेतील नावे मागे राहिली व इंग्रजी नावे मिळाली. घर, आईबाप व नाव ही तिन्ही ज्यांची गेली होती, अशी ही मुले गोदावरीकाठी वाढली.

१८७२ साली त्यांच्यातील सहा तरुण डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस आफ्रिकेस गेले. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. तो याओ जातीचा असून बाळपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला होता. १८७३ सालच्या मे महिन्याच्या आरंभी लिव्हिंग्स्टन हे आजच्या झांबिया देशातील चितांबो नामक सरदाराच्या गावी मरण पावले. तेव्हा सुसी व चुमा ह्या त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी ठरविले की देह त्यांच्या लोकांकडे पोहोचवावयाचा. काळीज तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनविधी जेकबने वाचला आणि झाडाच्या खोडावर मृताचे नावही त्यानेच कोरले. शरणपुरात शिकलेली अक्षरे तेथे उपयोगी पडली.

मग देह उन्हात वाळवून, गुंडाळून, खांद्यांवर घेऊन ते निघाले. हजार मैलांहून अधिक वाट, ताप, भूक आणि काही सोबत्यांचे मरण, असे सुमारे नऊ महिने गेले. वाटेत एक इंग्रज अधिकारी भेटला. त्याने देह येथेच पुरण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. १८७४ च्या आरंभी ते समुद्रकिनारी पोहोचले. पुढे देहाबरोबर जेकब इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो होता.

३. विश्वास कशाने घडला?

पहिली गोष्ट: केवळ संकटाने विश्वास घडत नाही. शरणपूरचे नऊ तरुण त्यापूर्वीच, १८६६ साली, लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मोहिमेत गेले होते. त्यांच्या वागणुकीविषयी लिव्हिंग्स्टन ह्यांनी तक्रारी लिहून ठेविल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी वाटेत त्यांस सोडले. तीच गुलामगिरी, तेच शरणपूर, तरी शेवट निराळा. त्यांस दोष देण्यास आम्ही कोण? परंतु दुःख भोगले म्हणजे मनुष्य आपोआप पवित्र होतो ही समजूत ह्यावरून खोटी ठरते. दुःखाने मन मऊ होते तसेच ते कठीणही होते. पौलाने रोमकरांस पाचव्या अध्यायात संकटापासून धीर, धीरापासून शील व शीलापासून आशा अशी साखळी दाखविली आहे. पण त्या साखळीची सुरुवात अध्यायाच्या आरंभीच आहे, जेथे तो म्हणतो की आपण आधीच कृपेत उभे आहोत.

दुसरी गोष्ट: कृपा माणसांच्या हातांनी येते. गलबत अडविणारा खलाशी, भाकरी देणारी बाई, अक्षर गिरवून घेणारा शिक्षक, ह्यांच्या द्वारे देव त्या मुलांपर्यंत आला. 'गुलाम झालात म्हणून तर सुवार्ता ऐकलीत' असे त्यांस सांगणे निर्दयपणाचे झाले असते. योसेफाने आपल्या भावांस क्षमा केली तेव्हाही, तुम्ही केले ते चांगलेच झाले, असे तो म्हणाला नाही. तुमचा हेतू वाईटच होता, पण देवाने त्यातून भले योजले, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. वाईटास तो वाईटच म्हणतो आणि देवाच्या योजनेस चांगले म्हणतो. ह्या दोहोंची गल्लत त्याने केली नाही. आपणही करू नये.

तिसरी गोष्ट: ज्यास आश्रय मिळाला तो आश्रय देणारा होतो. १८७५ साली प्राइस साहेबांनी आफ्रिकेत मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत स्थापिली, तेव्हा शरणपुरात वाढलेले आफ्रिकी ख्रिस्ती तेथे शिक्षक, कारागीर व उपदेशक झाले. विल्यम जोन्स हा त्यांच्यापैकीच. १८८५ साली त्यास डीकनपदाची दीक्षा मिळाली. रबई येथील मिशनात पळून आलेल्या गुलामांस त्याने थारा दिला. नाशिकात ज्या दाराने तो आत आला होता, तसेच दार त्याने आफ्रिकेत दुसऱ्यांसाठी उघडले.

चौथी गोष्ट: कृपेने जखमेचा वण नाहीसा होतोच असे नाही. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन ह्यांचा युगांडाच्या वाटेवर वध झाला. मागे राहिलेला तांडा जोन्सने परत आणला. तांड्यापुढे निळे निशाण होते व त्यावर 'ईखाबोद' हा शब्द लिहिला होता. गौरव निघून गेले, असा त्याचा अर्थ आहे (१ शमुवेल ४:२१). विश्वासू सेवकाने आपला शोक लपविला नाही. तो निशाणावर लिहून भर रस्त्याने चालविला. जेकब वेनराइटचेही पुढील आयुष्य मानसन्मानात गेले नाही. १८९२ साली तो आफ्रिकेतच, उरांबो येथे, मरण पावला. पौलाने काटा काढण्यासाठी तीन वेळा विनंती केली. काटा राहिला, आणि पुरेशी कृपा मिळाली. कृपा पुरेशी आहे ह्याचा अर्थ दुखत नाही असा नव्हे, तर दुखत असताही चालवते, असा आहे.

४. आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी मंडळीतील कोणाच्या घरावर गारा पडतील, तेव्हा त्या का पडल्या हे सांगावयास आपण जाऊ नये. माळी जसा गारा थांबल्यावर मळ्यात येतो तसे जावे. कोणी दळण नेऊन द्यावे, कोणी दवाखान्यात सोबत करावी, कोणी मुलांची फी भरावी, कोणी नुसतेच शेजारी बसावे. ज्याचे दुःख आहे तो स्वतः एखाद्या दिवशी म्हणेल की ह्यातून देवाने मला अमुक शिकविले. तो शब्द त्याच्याच तोंडी शोभतो. आपण तो त्याच्या तोंडी घालू नये.

आणि जो ह्या घडीस संकटात आहे त्यास आमचे सांगणे असे: तुमच्या दुःखास चांगले म्हणण्याची सक्ती देव तुमच्यावर करीत नाही. रडावयाचे असल्यास रडा. योसेफही भावांपुढे मोठ्याने रडला. परंतु दार लावून घेऊ नका. आपल्या दुःखाच्या देशातच देवाने आपल्याला फलद्रूप केले, अशा अर्थाचे नाव योसेफाने आपल्या धाकट्या मुलास, एफ्राईमास, ठेविले (उत्पत्ति ४१:५२). त्याचे फळ दुःखाच्या देशाबाहेर नव्हे, त्याच देशात आले.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या आयुष्यातील कोणते संकट छाटणी होते व कोणते गारपीट, हे आज ओळखता येते काय? न आल्यास, ते ओळखल्यावाचूनही विश्वास ठेवता येईल काय?

२. संकटाच्या वेळी देवाची कृपा आपल्याकडे कोणाच्या हातांनी आली? त्यांचे आभार मानले काय?

३. आपल्या मंडळीत उपासनेस येईनासे झालेले कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, ज्यांच्या मळ्यावर गारा पडल्या आहेत त्यांच्याकडे तू ये. आमच्या तोंडी कठोर उपदेश येऊ देऊ नको. आमचे हात कामास लाव. आमचे घर, आमची मंडळी व आमचे गाव हे शरण येणाऱ्यांसाठी शरणपूर कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.