‘गेट्स लाइफ’ म्हणजे जीवदान नव्हे

यादी मागितलीस ना? नाही पाठवणार. रुसू नकोस. तुझा मेसेज आला, ‘ताई, शिक्षेचे इंग्रजी शब्द अर्थासकट पाठव, कॉलेज सुरू व्हायच्या आत पाठ करते’, तेव्हा मी खरंच वही घेऊन बसले होते. ‘पनिशमेंट’समोर लिहिलं शिक्षा. ‘सेन्टेन्स’समोरही शिक्षाच. ‘कन्व्हिक्शन’समोर पेन पुन्हा तिकडेच वळायला लागलं, तेव्हा वही मिटली. असली यादी पाठ करून तू परीक्षा पास होशील गं, पण कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी हातात निकालाचा कागद देऊन ‘बाई, काय लिहिलंय?’ असं विचारलं, की तोंडघशी पडशील. मी पडलेय.

आधी तुझीच गंमत. मागच्या रविवारी कारध्याला आली होतीस, अंगणात इंग्रजी पेपर उघडून बसलीस आणि ‘गेट्स लाइफ’ असं वाचून म्हणालीस, ‘सुटला बिचारा, जीवदान मिळालं!’ अगं, त्याला जन्मठेप झाली होती. पेपरवाल्यांना जागा कमी, म्हणून ‘लाइफ इम्प्रिझनमेंट’चं नुसतं ‘लाइफ’ होतं. आणि हे लाइफ म्हणजे चौदा वर्षं, ही आपली सिनेमातली शिकवण. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेंनी हाच वाद सुप्रीम कोर्टात नेला होता: माफीचे दिवस धरले तर माझी शिक्षा भरली, आता सोडा. 1961 साली कोर्टाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने उरलेली शिक्षा माफ केली तरच आधी सुटका. चौदाचा आकडा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 1978 साली घातलेल्या कलमातून आला. ठरावीक गंभीर गुन्ह्यांत सरकारलाही चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चौदा झाली की दार आपोआप उघडतं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता माझी फजिती. फजिती कसली, पापच म्हण. भंडाऱ्याला वकिलांकडे टायपिंगला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. रोवणीचे दिवस. एक म्हातारी शेतातून तशीच आलेली, पायाच्या नखांत चिखल, पदराच्या टोकाला बांधलेला निकालाचा कागद. वकीलसाहेब वर कोर्टात. ‘तूच वाचून सांग’ म्हणाली. मुलाला दोन कलमांखाली शिक्षा होती, एकाखाली तीन वर्षं, दुसऱ्याखाली एक. पुढे ओळ होती, ‘सेन्टेन्सेस टू रन कॉन्करंटली’. मला ‘रन’ तेवढं कळलं. मी बेरीज केली आणि सांगितलं, चार वर्षं. ती भिंतीला टेकून खाली बसली. ‘चार वर्सं? तवरिक मी रायीन का, बाई?’

संध्याकाळी वकीलसाहेब खाली आले, कागद पाहिला आणि माझ्याकडे बघतच राहिले. कॉन्करंटली म्हणजे दोन्ही शिक्षा एकाच वेळी चालणार. तीनच्या पोटात एक. मराठी निकालात ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत’ असं असतं ना, तेच. एक संपल्यावर दुसरी सुरू, हे ‘कन्सेक्युटिव्हली’. सावरकरांच्या दोन जन्मठेपा तशा होत्या, म्हणून पन्नास वर्षांचा हिशेब. एका शब्दाने मी त्या बाईच्या मुलाला वर्षभर जास्त आत ठेवलं. तिला निरोप पोचायला तीन दिवस लागले. गावात फोन होता तो किराणा दुकानात, आणि दुकानदार रोवणीला गेलेला.

तेव्हापासून मी शब्द ओळीने लावायला शिकले. कारधा ठाण्यात कुणाला ‘बसवून ठेवलं’ म्हणतात, ते फार तर ‘डिटेन्ड’, ‘अरेस्टेड’ नव्हे. मग अटक, मग कोर्ट. तिथे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला की घरच्यांचे चेहरे उतरतात, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला की जरा हायसं वाटतं, कारण पोलीस कोठडी संपून आता जामिनाचं बोलता येतं. इथवर तो माणूस ‘अक्यूज्ड’ आहे, आरोपी. खटला चालू असताना तुरुंगात असला तर ‘अंडरट्रायल’, कच्चा कैदी. दोषी ठरला की ‘कन्व्हिक्टेड’. त्याच्यानंतर, कधी त्याच दिवशी, कधी दोन दिवसांनी, शिक्षा किती हे ठरतं, ते ‘सेन्टेन्स्ड’. सुटला तर ‘अ‍ॅक्विटेड’. पण ‘आउट ऑन बेल’ म्हणजे सुटला नव्हे हो! हे मात्र चहाच्या टपरीवर कुणाला पटवायला जाऊ नकोस, तिथे जामीन मिळाला की पेढे वाटतात.

शब्दाबरोबर त्याचं शेपूट पण पाठ कर, नाहीतर तुझं इंग्रजी लगेच कच्चं दिसतं. चार्ज्ड ‘विथ’, अक्यूज्ड ‘ऑफ’, कन्व्हिक्टेड ‘ऑफ’, सेन्टेन्स्ड ‘टू’, पनिश्ड ‘फॉर’. आणि भिंतीवर फोटो ‘हंग’ असतो, फाशी दिलेला माणूस ‘हॅन्ग्ड’. हे मला एका निवृत्त शिरस्तेदारांनी पानाचा तोबरा आवरत शिकवलं.

एक शब्द तुला आधीच ठाऊक आहे असं वाटेल, ‘कम्यूट’. मी नऊ वर्षं वैनगंगेच्या पुलावरून कारधा-भंडारा ये-जा केली, ते कम्यूट. पावसाळ्यात लहान पूल पाण्याखाली गेला की मोठ्या पुलाने. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अदलाबदल. अमेरिकेत रोजच्या तिकिटांच्या बदल्यात एकच पास निघाला, त्या पासाला ‘कम्युटेशन तिकीट’ म्हणत, आणि ते घेऊन फिरणारा कम्यूटर झाला. शिक्षेतही तीच अदलाबदल, मोठीच्या जागी लहान.

हा शब्द मी शिकले तो खैरलांजीच्या निकालात. आपल्याच मोहाडी तालुक्यातलं गाव. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, आई आणि तिची तीन मुलं. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. 14 जुलै 2010 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी 25 वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. इंग्रजी पेपरांत ‘कम्यूटेड’. आमच्याकडे बसलेल्या एका पक्षकाराने विचारलं, ‘म्हणजे सुटले का?’ नाही. सुटले असते तर अ‍ॅक्विटेड लिहिलं असतं. पण त्या निकालात जो शब्द आला नाही, तोही लक्षात ठेव, ‘अ‍ॅट्रॉसिटी’. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप दोन्ही कोर्टांत टिकले नाहीत. शिक्षा मोठी झाली, पण ती जातीवरून केलेल्या गुन्ह्याची म्हणून नव्हे. हे दुखणं आपल्या जिल्ह्यात अजून आहे, आणि मला विचारशील तर ते रास्त आहे. नुसता खून आणि जातीवरून केलेला अत्याचार यांतला फरक शब्दाचाच असतो, आणि तो शब्द कागदावर यावा म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

पुरे, जड झालं. ‘ट्रान्स्पोर्टेशन’ सांगते. टिळकांना 1908 साली सहा वर्षांचं ट्रान्स्पोर्टेशन झालं, असं इंग्रजी पुस्तकात वाचून तुझ्या दादाने शाळेच्या निबंधात ‘टिळकांना सहा वर्षं वाहतूक करावी लागली’ असं लिहिलं होतं! अगं, ते काळं पाणी, म्हणजे समुद्रापार हद्दपारी. टिळकांना मंडालेला ठेवलं. पुढे 1955 च्या दुरुस्तीने हा शब्द दंडसंहितेतून गेला आणि तिथे ‘इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ’ आलं.

शाळेतली शिक्षा वेगळी. छडी, अंगठे धरणं, कोंबडा, हे सगळं ‘कॉर्पोरल पनिशमेंट’. कॉर्पस म्हणजे देह. ‘कॅपिटल’मध्ये कापुट, म्हणजे डोकं. एक अंगावर, एक मुंडक्यावर, असं मी लक्षात ठेवते. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातलं सतरावं कलम शाळेतल्या मारालाही मनाई करतं आणि मानसिक छळालाही, हे तुझ्या मास्तरीणबाई झालेल्या मैत्रिणीला जरूर सांग. बालाघाटकडे गेलीस की हिंदी पाटीवर ‘शिक्षा विभाग’, म्हणजे शिक्षण विभाग, दिसतो आणि आपल्याकडच्या पोरांना वाटतं, बापरे, शिक्षा द्यायला अख्खं खातं! आपली मराठी शिक्षण आणि शिक्षा एका घरात जन्माला घालून वेगळं बिऱ्हाड करून देते. आणि हिंदीत शिक्षेला म्हणतात ती सजा? ती आपल्याकडे तलाठ्याकडे, त्याच्या हद्दीचं नाव म्हणून.

नव्या न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून ‘कम्युनिटी सर्व्हिस’ही शिक्षा म्हणून आली आहे. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर ही शिक्षा. मराठीत समाजसेवा म्हणावं तर पंचाईत. आपल्या चौकात वाढदिवसाच्या दर बॅनरवर कुणी ना कुणी समाजसेवक हात जोडून उभा असतो.

रविवारी ये. कोऱ्या वहीऐवजी एखादा जुना निकाल घेऊन ये, कुणाचाही चालेल. तू वाच, मी तांदूळ निवडत ऐकते. अडलीस की थांबायचं. अंदाजाने बेरीज करायची नाही.