एका पैशाची टाळी



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय २३, भिक्षुगीत.

अवंती नगरीतला एक श्रीमंत पण कमालीचा कंजूष ब्राह्मण. शेती होती, व्यापार होता, पण बायकोमुलांसाठी, पाहुण्यांसाठी, देवासाठी काही म्हणून हात सैल सोडायचा नाही. हळूहळू घरातली माणसं तुटली. मग पैसाही गेला. थोडा नातेवाइकांनी नेला, थोडा चोरांनी, थोडा राजाने. सगळं संपल्यावर त्याला जे सुचलं ते हे भिक्षुगीत. त्यात तो पैशापायी होणारे पंधरा अनर्थ मोजतो. चोरी, हिंसा, खोटेपणा तर आहेतच, पण त्याच यादीत भेद आणि अविश्वासही आहेत. आणि पुढच्याच श्लोकात तो म्हणतो की भाऊ, बायको, आईवडील, मित्र, एकजीव असलेली माणसं एका काकिणीसाठी क्षणात वैरी होतात.

काकिणी म्हणजे वीस कवड्या. आजच्या भाषेत चिल्लर. मोठ्या इस्टेटीवरून घर फुटतं हे आपल्याला माहीतच असतं. हा भिक्षू म्हणतो, चिल्लर पुरते.

या श्लोकावर वाचताना मला दौलताबादचा किल्ला आठवतो. आपल्यापैकी बरेच जण रविवारी तिथे चढतात, अंधारीत मोबाईलचे टॉर्च लावतात, खाली येऊन सीताफळं घेतात आणि वेरूळकडे निघतात. त्याच देवगिरीवर निजामशाहीच्या काळात जनार्दन स्वामी किल्लेदार होते आणि पैठणहून आलेला लहानगा एकनाथ त्यांच्या सेवेत राहिला. ज्यांच्या टीकेवर आज आपण वाचतोय, ते हेच नाथ. गुरूंनी त्यांना गडाच्या हिशोबाचं काम दिलं होतं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. एके दिवशी हिशोबात एका पैशाची चूक निघाली. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजाने गुरू जागे झाले आणि म्हणाले, एका पैशाची चूक सापडल्यावर इतका आनंद, तर हेच चित्त हरीकडे लागलं तर काय होईल!

कीर्तनात इथून गाडी थेट परमार्थाकडे वळते. वळावीच. पण मला इथे जरा थांबावंसं वाटतं. गुरूंनी नाथांना 'हिशोब सोड' असं म्हटलं नाही. 'हेच चित्त' म्हणाले. म्हणजे जे चित्त हरीला लावायचं ते आधी वहीवर तयार झालं होतं. दुसरं असं की त्या रात्री नाथांना एक कवडीही मिळाली नाही. चूक कुठे आहे ते दिसलं, एवढंच. टाळी त्याची होती.

आता आपल्या घरात येऊ. तिशीच्या आतलं जोडपं, एक लहान बाळ, दोघांपैकी एक वाळूजला किंवा शेंद्र्याला कामाला. भाडं, दूध, डायपर, गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, बारशाला मेहुण्याकडून घेतलेले उसने, आणि एक क्रेडिट कार्ड. पगार वाईट नसतो. पण "आपलं एकूण देणं किती?" असं विचारलं तर दोघं दोन वेगवेगळे आकडे सांगतात. बहुतेक वेळा एकाला कार्डाची बाकी माहीतच नसते. काकिणी ती हीच. रक्कम नव्हे, लपवलेली रक्कम.

कार्डाचंच घ्या. समजा ४०,००० बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के (तुमचा दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, पाहा). व्याज झालं १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२. एकूण १,६५२. 'मिनिमम ड्यू' पाच टक्के धरला तर आपण २,००० भरतो आणि सुटलो म्हणतो. मूळ रकमेतून कमी झाले फक्त ३४८ रुपये! तेच महिन्याला ६,००० भरले आणि कार्ड पुन्हा वापरलंच नाही, तर साधारण आठ महिन्यांत खातं शून्य. कर्ज, आग आणि रोग थोडेही शिल्लक ठेवू नयेत असं एक जुनं सुभाषित सांगतं. सांगणाऱ्याने मिनिमम ड्यू पाहिला नव्हता, तरी त्याला तो कळला होता.

हे ६,००० आणायचे कुठून? अनेक जण एकीकडे सात टक्क्यांची आरडी भरत असतात आणि दुसरीकडे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज देत असतात. ती आरडी काही महिने थांबवली तर देव रागावणार नाही. आठ-दहा हजार तेवढे अडीअडचणीला बाजूला ठेवा, नाहीतर बाळाला ताप आला की पुन्हा कार्डच बाहेर निघेल. बाकी सगळ्या हप्त्यांचे ठरलेले पैसे वेळेवर, आणि उरलेलं सगळं सर्वांत महाग कर्जावर. बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढायची सूचना नवऱ्याकडून मात्र येऊ नये. ते तिचं स्त्रीधन. ती स्वतःहून म्हणाली तर गोष्ट वेगळी. आणि मेहुण्याच्या पैशाला व्याज नाही म्हणून तो शेवटी, हे गणितात बरोबर असलं तरी घरात चालत नाही. त्याला निदान एक फोन करा. "दाजी, तुमचे पैसे दिवाळीनंतर दर महिन्याला दोन-दोन हजार देतो" एवढं म्हटलं की पंधरा अनर्थांपैकी अविश्वास तरी गळतो.

परंपरा सांगते की जनार्दन स्वामींच्या साधनेसाठी गुरुवारी गडावर सुट्टी असे. आपणही गुरुवारी रात्री बाळ झोपल्यावर अर्धा तास काढू शकतो. दोघांनी एकाच वहीसमोर बसायचं. यूपीआयची यादी उघडायची आणि आठवड्याचा एकेक खर्च लिहायचा. ॲप चालेल, पण हाताने लिहिलेलं जास्त टोचतं, असं माझं मत. एकच नियम : सापडलेल्या चुकीवर भांडायचं नाही. "हे तू केलंस?" या प्रश्नाने वही बंद होते आणि पुन्हा उघडत नाही.

आता राहिला दानाचा प्रश्न. कर्ज असताना वारीला, अन्नदानाला द्यावं का? भागवताच्याच आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीला सांगतात, धनाचे पाच वाटे कर : धर्मासाठी, कीर्तीसाठी, पुन्हा धन वाढावं म्हणून, स्वतःच्या सुखासाठी आणि स्वजनांसाठी. बळीने ते ऐकलं नाही, सगळंच दिलं, आणि तो थोर ठरला. पण बळीने जे दिलं ते त्याचं होतं. कार्ड घासून दिलेली देणगी बँकेची असते, आणि आपण पावतीवर आपलं नाव घालतो. खातं शून्य होईपर्यंत धर्माचा वाटा अकरा रुपये असला तरी चालेल, पण तो वहीत हवा. सध्या पैशाऐवजी वेळ द्या. पंगतीत वाढायला माणसं नेहमीच कमी पडतात. आणि शुक्राचार्यांच्या यादीत कीर्तीचाही वाटा आहे हे विसरू नका. जावळाचा हॉल आणि वाढदिवसाचा केक त्यातला. या वर्षी तो वाटा लहान ठेवला तर बिघडत नाही.

आज गुरुवार आहे. वही नसेल तर बाळाच्या लसीकरणाच्या फाइलमधला कोरा कागद चालेल. वर तारीख, खाली एकूण देणं, दोघांच्या अक्षरात.

उद्या चोविसावा अध्याय, सांख्य. जरा अवघड आहे, सावकाश घेऊ.

राम कृष्ण हरी!