लाईट जाते तेव्हा आपण कसं वागतो?



या महिन्याच्या पाठाची सुरुवात मी माझ्याच चुकीने करणार आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसाने खांब पडले. आपल्या भागात दोन रात्री आणि तीन दिवस लाईट नव्हती. पहिल्या रात्री माझ्या मोबाईलवर एक मेसेज आला, ‘आठ दिवस लाईट येणार नाही. उद्यापासून डेअरीत दूध घेणे बंद.’ कुणी लिहिलाय, कुठून आलाय, काहीच माहीत नव्हतं. तरी मी वर ‘महत्त्वाचे’ असं लिहून तो आपल्या गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मला वाटलं, बायकांना वेळेत कळलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी तीन गावांतल्या बऱ्याच जणींनी दूध घातलंच नाही. कुणी वासरांना पाजलं, कुणी खवा केला, कुणी मिळेल त्या भावाने देऊन टाकलं. डेअरी मात्र चालू होती. तिथे जनरेटर होता आणि दोन्ही वेळचं दूध घेतलं जात होतं. मला हे सकाळी कळलं, तेव्हा मी लगेच दुसरा मेसेज टाकला. पण तोवर निम्म्या जणींचे फोन उतरले होते. खोटी बातमी शेवटच्या चार्जिंगवर घरोघरी पोचली आणि खरी बातमी पोचलीच नाही.

एक ताई मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही टाकलं म्हणून आम्ही खरं धरलं.” त्यांचा त्या आठवड्याचा हप्ता दुधाच्या पैशावर होता. हे वाक्य मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हा पाठ लिहिते आहे.

सगळीकडची लाईट एकदम कशी जाते?

आपल्या गावचा डीपी जळाला तर आपलीच लाईट जाते. पण कधी कधी राज्यच्या राज्य अंधारात जातं. असं का होतं?

वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं अवघड असतं. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. वीज केंद्रं आणि मोठ्या लाईनी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्याला ग्रिड म्हणतात. जात्यावर दोघी बसून दळताना एकीने खुंटा सोडला की सगळा भार दुसरीच्या हातावर येतो. तिला पेलला नाही तर तीही सोडते आणि जातं थांबतं. ग्रिडचंही तसंच आहे. एक लाईन बंद पडली की तिचा भार शेजारच्या लाईनीवर जातो. तिला झेपलं नाही तर जळू नये म्हणून ती आपोआप बंद होते, मग तिसरी, मग चौथी. हे सगळं काही सेकंदांत घडतं.

परत चालू करायला मात्र वेळ लागतो, कारण बंद पडलेलं वीज केंद्र सुरू करायलाही आधी थोडी वीज लागते. म्हणून एकेक भाग चालू करत जातात. शेजारच्या गावात लाईट आली आणि आपल्याकडे नाही, याचा अर्थ दरवेळी कुणी मुद्दाम आपली अडवली असा नसतो.

तीन ठिकाणी लोक कसे वागले?

पहिलं उदाहरण आपल्याच देशातलं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचं ग्रिड बंद पडलं. ते सावरत नाही तोच ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळली. साठ कोटींहून जास्त लोक त्या भागात राहत होते. महाराष्ट्र पश्चिमेच्या ग्रिडमध्ये असल्यामुळे आपण वाचलो. दिल्लीत मेट्रो थांबली, शेकडो रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पश्चिम बंगालमध्ये खाणीतल्या लिफ्ट बंद पडून दोनशेच्या आसपास कामगार खाली अडकले. ते पुढे सुखरूप वर आले.

याच घटनेची दुसरी बाजूही बघा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बिहारमध्ये शंभरातल्या जेमतेम सोळा घरांत उजेडासाठी वीज वापरली जात होती. बाकीच्या घरांत त्या रात्रीही रोजचाच रॉकेलचा दिवा होता. देशभर गाजलेला अंधार त्यांना वेगळा वाटलाच नसेल. लाईट जाण्यासाठी आधी ती घरात यावी लागते, हे आपण विसरतो.

दुसरं उदाहरण मुंबईचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, लोक रुळावरून चालत निघाले. विद्यापीठाच्या ऑनलाईन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोरोनाचा काळ, त्यामुळे दवाखान्यांची काळजी सर्वांत मोठी होती. आपल्यापैकी अनेकींची माणसं मुंबईत कामाला आहेत. ज्यांना त्या दिवशी फोन लागत नव्हता, त्यांचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते सांगायला नको.

तिसरं उदाहरण परदेशातलं. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची वीज एकदम गेली. कार्ड चालेना, मोबाईल चालेना. रोख पैसे असलेल्यांनाच दुकानात काही घेता आलं. लोक सेलवरचे रेडिओ शोधू लागले आणि ज्याच्याकडे रेडिओ होता त्याच्याभोवती अनोळखी माणसं बातम्या ऐकायला जमली. सिग्नल बंद पडलेल्या चौकात साधे नागरिक उभे राहून गाड्यांना वाट करून देत होते. हा शत्रूचा हल्ला आहे अशा अफवाही लगेच उठल्या. पुढे चौकशीत कारण निघालं ते ग्रिडमधलं व्होल्टेज आवाक्याबाहेर वाढण्याचं. एक दुःखद गोष्टही घडली. एका घरात श्वासाच्या मशीनसाठी जनरेटर लावला होता, त्याच्या विषारी धुराने घरातली तीन माणसं गेली.

यातून आपल्याला काय दिसतं?

तिन्ही ठिकाणी माणसं साधारण सारखीच वागली. आधी लोक बातमी शोधतात आणि खरी मिळाली नाही की खोटीवर विश्वास ठेवतात. मग साठा करायला पळतात. मेणबत्त्या, पीठ, पेट्रोल, जे मिळेल ते. आणि त्याच वेळी बरेच जण शेजाऱ्याचं दारही वाजवतात. पहिल्या दोन सवयी भीतीतून येतात, तिसरी ओळखीतून येते. ही ओळख गटामुळे आपल्याकडे आधीच आहे.

त्या मे महिन्यात एका गटाच्या सचिव ताईंनीही माझा मेसेज वाचला होता. तरी सकाळी त्या कॅन घेऊन डेअरीवर गेल्याच. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, “अहो, जाऊन बघितल्याशिवाय दूध कशाला वाया घालवायचं?” परत येताना त्यांनी वाटेवरच्या घरांना सांगत सांगत गाव गाठलं. त्यांच्या गटाचं एक लिटरही दूध वाया गेलं नाही. त्यांनी फक्त आधी विचारलं आणि मग सांगितलं. मी समाजकार्याची पदवी घेतली, पण हे त्यांच्याकडून शिकले.

आपल्या गटाने काय करायचं?

१. बातमीसाठी दोघी ठरवा. लाईट गेली की एकीने १९१२ या नंबरवर किंवा आपल्या वायरमनला विचारायचं, दुसरीने डेअरी, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र इथे जाऊन बघायचं. त्या दोघींनी सांगितल्याशिवाय ग्रुपवर काहीही पुढे पाठवायचं नाही. हा नियम मलाही लागू आहे.

२. फोन उतरले तर निरोप कसा जाईल ते आज ठरवा. एकीने पाच घरं सांगायची, असं वाटून घ्या.

३. आधी कुणाच्या घरी जायचं त्याची यादी करा. एकटी राहणारी आजी, दिवस भरत आलेली सून, इन्सुलिन घेणारी सखी. फ्रीज बंद राहिला तर इन्सुलिन कसं ठेवायचं, हे आशाताईंना आजच विचारून ठेवा. तब्येत बिघडली तर १०८ ला फोन करा.

४. पाणी आणि पीठ. दोन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकून ठेवलेलं असावं. गावातला हातपंप चालू आहे का, हे पावसाळ्याआधीच बघा. थोडं दळण नेहमी पुढे असू द्या.

५. थोडे रोख पैसे घरात ठेवा. नेट बंद असताना फोनवरून पैसे पाठवणं अवघड होतं.

६. जीव सांभाळा. जनरेटर घरात किंवा पडवीत लावायचा नाही, मोकळ्यावरच. मेणबत्ती पेटती ठेवून झोपायचं नाही. तुटलेल्या तारेजवळ जायचं नाही, मुलांना आणि जनावरांनाही जाऊ द्यायचं नाही.

बैठकीत बोलण्यासाठी

- मागच्या वेळी लाईट गेली तेव्हा तुम्हाला पहिली बातमी कुणाकडून कळली? ती खरी होती का?
- त्या रात्री आपल्या गटातल्या कुणाची आठवण कुणालाच झाली नाही?
- लाईट गेल्याने कुणाचा धंदा थांबला? गिरणी, शिलाई, दूध? त्या महिन्यात तिचा हप्ता चुकला तर गटाने काय करावं?

शेवटच्या प्रश्नावर घाई करू नका. त्या ताईंच्या हप्त्याचं काय झालं, ते सांगते. त्यांच्या गटाने दंड न लावता आठ दिवसांची मुदत दिली आणि तसं ठराव वहीत लिहून घेतलं. त्यांनी सहाव्या दिवशी पैसे भरले.

तुमच्या गटात काय ठरलं ते पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. मीही वही घेऊन येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक