मेल सर्व्हरला एसएसडी लावावी का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर कार्यालयातच आहे. सकाळी दहाला सगळे कर्मचारी एकदम बसले की मेल उघडता उघडत नाही. दुकानदार म्हणतो, एसएसडी टाका, सगळं पळेल. पण ती लवकर मरते असंही ऐकतो. काय करावं?
– एक वाचक, गारगोटी (जि. कोल्हापूर)

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. मेल सर्व्हर दिवसभर बारीकसारीक वाचतो-लिहितो, तेही डिस्कवर विखुरलेल्या जागी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असं काम सेकंदाला शंभरेक वेळाच करू शकते. एसएसडी हजारो वेळा. पण बाहेर जाणारा मेल अडकत असेल, तर दोष इंटरनेटचा. तिथे एसएसडीचा उपयोग नाही.

म्हणून आधी तपासा. विंडोज सर्व्हर असेल तर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये दहा वाजता डिस्कचा प्रतिसादाचा वेळ पाहा. तो सतत २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर डिस्कच दमली आहे. रॅम अपुरी असेल तर आधी ती वाढवा, स्वस्तात भागेल.

एसएसडी लवकर मरण्याची भीती सोडा. लिहिण्याला मर्यादा असते खरी, पण तुमच्या कार्यालयाचा मेल तिथवर सहसा पोचणार नाही. मात्र ती कधीकधी काहीही न कुरकुरता एकदम बंद पडते. त्यामुळे सर्व्हरसाठी बनवलेल्या, वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करणाऱ्या दोन एसएसडी घ्या आणि रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती राहील अशा, जोडा. यूपीएस हवाच. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला मेल दोन्हीकडून जातो. जुनी हार्ड डिस्क धड असेल तर रोजच्या बॅकअपला वेगळ्या संगणकात लावा.